कुणाच्या हाताला पाहिजे सुरी?

आमच्याकडं सुरी घ्यायला आलेला माणूस नुसती सुरी घेऊन कधी जात नाही. चप्पल घ्यायला गेलेला माणूस चपलेबद्दल बोलतो, बादली घ्यायला गेलेला बादलीबद्दल. पण सुरी म्हटली की लोकांचं काय होतं कुणास ठाऊक. घरात माणसं किती, भाकरी कोण थापतं, कांद्यावरून सासूचं म्हणणं काय, कुणाचे दात पडल्यामुळं भाजी बारीक चिरावी लागते, सगळं बाहेर येतं. आम्ही ऐकतो. एखादा किस्सा विसरायला झाला की दुसरं गिऱ्हाईक येऊन नवा देऊन जातं. आता तर असं झालंय की चहाला बसलो आणि कुणी एक सुरू केला की भट्टी विझायला येते, तरी आमचं चाललेलंच असतं.

आमचं वर्कशॉप न्हावऱ्यात, रस्त्याला लागून. भट्टी रघुनाथनानांची. खुरपी, विळे, कोयते घडवण्यात त्यांचा जन्म गेला. मी सुधाकर. सणसवाडीच्या एका कंपनीत डिस्पॅचला होतो. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, मी नाही गेलो. नानांकडं येऊन म्हटलं, "नाना, खुरपी सगळेच करतात. आपण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करू. विकायचं मी बघतो." नाना म्हणाले, "विकायचं सोड, आधी करून तर बघू." माझ्याबरोबर त्याच कंपनीत पॉलिशिंगला राजकिशोर होता, बिहारचा, केस पिकलेला माणूस. त्याला मी इकडं ओढला. तो ग्राइंडरवर बसतो, मुठी पण तोच घडवतो. चौथ्या सुमनकाकी, नानांच्या मिसेस. त्यांचं घर आणि म्हशींचा गोठा वर्कशॉपच्या मागंच, त्यामुळं आमचं बोलणं त्यांना सगळं ऐकू जातं.

सुरी कशी होते, तेवढं सांगून टाकतो. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे आणायचे. ते पोलाद चांगलं. तुकडा तापवायचा, लाल झाला की ऐरणीवर ठोकून लांबवायचा, पातं काढायचं. मग परत लाल करून तेलात बुडवायचं. त्याला पाणी देणं म्हणतात, तेल असलं तरी. तेवढ्यानं पातं कडक होतं, पण काचेगत ठिसूळ. पडलं की तुकडे. म्हणून मग जाड लोखंडी तव्यावर हलकी ऊब द्यायची, म्हणजे त्याचा ताठा जरा उतरतो. मग धार, मग मूठ.

हे सगळं नंतर. आधी नानांचा प्रश्न ठरलेला. "कुणाच्या हाताला पाहिजे?"

लोक म्हणतात, भाजीला पाहिजे.

"भाजीचं मला ठावं हाय. हात कुणाचा?"

* * *

सणसवाडीहून एक जोडपं आलं होतं, किरण आणि तेजू. लग्न नवं, खोली भाड्याची. दोघं कामाला, पण वेगवेगळ्या कंपन्यांत. तिची फर्स्ट शिफ्ट, त्याची सेकंड. जो घरी असेल तो स्वयंपाक करून ठेवायचा आणि दुसऱ्यानं येऊन खायचा.

किरणला रुंद पात्याची जड सुरी पाहिजे होती. मोबाइलवर बघितलेली. त्याचा पंजा पण तसाच दणकट. तेजूला हलकी, बारीक पात्याची. दोघांची दुकानातच जुंपली, पण हळू आवाजात.

नाना म्हणाले, "दोघांचं बी बरोबर हाय. कोबी, भोपळा, कांद्याचा ढीग असला की जड सुरी बरी. तिचं वजनच काम करतं. टोमॅटो, मिरची, सोलायचं-बिलायचं असलं की हलकी. दोन घ्या."

तेजू म्हणाली, "ओटा वीतभर हाय नाना. दोन ठेवायच्या कुठं? आणि दोघं एकदम घरी असतो कुठं? एक बास."

हे तिनं सहज म्हटलं, पण किरण उगाच बाहेर रस्त्याकडं बघायला लागला.

नानांनी मग त्यांच्यासाठी वेगळी घडवली. पातं मधल्या बेताचं आणि मूठ पुढं निमुळती, मागं जाड. तिनं पुढं धरायची, त्यानं मागं. दोघांनी आळीपाळीनं धरून बघितली. दोघांच्या हातात बसली.

पुढं कधीतरी दोघं परत आली. मला वाटलं, मूठ निघाली.

"बिघडली का काय?"

"न्हाई काका," किरण म्हणाला, "मला पण फर्स्ट शिफ्ट मिळाली."

"मग?"

तो तेजूकडं बघायला लागला. ती म्हणाली, "आता दोघं एकदमच स्वयंपाकाला असतो. दुसरी सुरी लागंल."

* * *

एक वडील मुलीला घेऊन आले. मुलगी नर्सिंग करून पुण्याला नोकरीला निघालेली, मैत्रिणींबरोबर खोली घेतलेली. वडील पहिल्यांदाच तिला बाहेर पाठवत होते. टेबलावरच्या सगळ्या सुऱ्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यातली कमी धारेची कुठली?"

मी म्हटलं, "कमी धारेची सुरी कोण मागतं?"

"एकटी ऱ्हाणार हाय. बोटबिट कापलं तर?"

नानांनी एक बोथट सुरी मागवली आणि टोमॅटोवर ठेवली. सुरी घसरली. "बघा. चिरत न्हाई म्हणून माणूस जोर लावतो. जोर लावला की ती सटकती आणि बोटावर येती. बोटं बोथट सुरीनं जास्त कापतात. धारेची सुरी हळू धरली तरी काम करती."

वडलांनी स्वतः एकदा ती सुरी टोमॅटोवर ठेवून बघितली. मुलगी गालातल्या गालात हसत होती.

शेवटी म्हणाले, "मग धारेचीच द्या." सुरी कागदात गुंडाळून झाली, तिनं पिशवीत टाकली, तरी ते तिथंच उभे.

"आणि काय?" नानांनी विचारलं.

"तेवढं तिला फोन करत जा म्हणून सांगा. तुमचं पटतंय तिला."

* * *

राजकिशोर आला तेव्हा फार बोलायचा नाही. दुपारी डबा घेऊन एकटाच बाहेर लिंबाखाली बसायचा. एकदा पाणी मागायला मागच्या दाराला गेला आणि तिथंच थांबला. काकी विळीवर बसून गवार चिरत होत्या. एक पाय पाटावर दाबलेला, दोन्ही हातांनी शेंगा पात्यावर सरकवत.

काकी म्हणाल्या, "काय रं, भूत बघितल्यागत?"

"माँ ऐसे ही बैठती है," तो म्हणाला. "हमारे यहाँ इसको पहसुल बोलते हैं."

सुरीला हात फिरवावा लागतो, विळीचं पातं जागेवर बसलेलं असतं आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. म्हाताऱ्या बायकांना विळीच बरी वाटते, ती त्यामुळं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण इतक्या लांब बिहारमध्ये पण एक आई तशीच पाय दाबून बसते, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

छठपूजेला तो गावी निघाला तेव्हा नानांनी त्याच्या आईसाठी एक विळी घडवून दिली. बाभळीचा पाट, पात्याला चांगला बाक, आणि टोकाला आपल्याकडं असते तशी खोबरं खवायची गोल दातेरी खवणी. राजकिशोरनं ती स्वतःच्या चादरीत गुंडाळून नेली.

परत आल्यावर नानांनी विचारलं, "चालती का विळी?"

"बहुत अच्छा चलता है. माँ किसी को हाथ नहीं लगाने देती."

"आणि खवणी?"

राजकिशोर जरा घुटमळला. त्यांच्या घरी खोबरं खवायची पद्धतच नाही. "माँ पूछ रही थी, इतना सुंदर फूल किसने बनाया. उस पर सिंदूर लगाती है."

मी नानांकडं बघितलं. आता हे समजावून सांगणार, असं मला वाटलं.

नाना म्हणाले, "सांग तिला. नानांनी बनवलं म्हणावं, फूल."

* * *

दौंडला रेल्वेच्या लायनीत राहणाऱ्या एक म्हाताऱ्या मॅडम होत्या, डायना मॅडम. नवरा मालगाडीवर गार्ड होता, तो वारला होता. मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलायच्या. शिरूरच्या बाजारात त्यांनी माझ्याकडं ब्रेड कापायची सुरी मागितली. माझ्याकडं नव्हती. मी पत्ता दिला, तर त्या भाच्याच्या गाडीत बसून थेट न्हावऱ्याला आल्या.

नानांना कळेना. "पावाला सुरी कशाला? हातानं तुटतो की."

मॅडम म्हणाल्या, "घरी भाजलेल्या ब्रेडची साल कडक असते आणि आतून तो कापसासारखा. साध्या सुरीनं दाबलं की चपटा होतो. दाते असले म्हणजे साल धरून ठेवतात."

"मग असं म्हणा की," नाना म्हणाले. "कडब्याचं बी तेच. दाबला की लवतो. दातेरी विळ्यानं वढला की कापतो."

आयुष्यभर दातेरी विळे केलेला माणूस. छिन्नी घेऊन बसले आणि लांब पात्याला एकेक दाता पाडला. सुरी दिसायला फक्कड झाली. मॅडम न्यायला आल्या, तेव्हा मी बेकरीतून एक लांबडा ब्रेड आणून ठेवला होता. त्यांनी सुरी आपल्याकडं ओढली, तुकडा सुरेख पडला. पुढं ढकलली, तर ब्रेडचा भुगा.

नानांच्या लगेच लक्षात आलं. विळा आपल्याकडं ओढायचा असतो, म्हणून सगळे दाते एकाच बाजूला कललेले. सवयीनं तसेच पडले होते. नाना ओशाळले. "हात विळ्याचा हाय माझा. ठेवून जावा, दुसरी करून देतो. ही नुसती वढल्यावरच चालंल."

मॅडमनी सुरी पिशवीत घातली. "राहू दे नाना. माझे मिस्टरही ओढल्याशिवाय चालायचे नाहीत. चाळीस वर्षं काढली, ब्रेडचं काय?"

नाताळात भाच्याबरोबर केक आला, कापलेला. वड्या एकसारख्या. नानांनी एक उचलून उजेडात धरली, बाजूनं निरखली आणि म्हणाले, "वढूनच कापलाय."

* * *

मांडवगणचे शंकरआप्पा. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. टॉवेलात गुंडाळलेली सुरी त्यांनी टेबलावर ठेवली आणि टॉवेल उलगडायला पण त्यांना वेळ लागला.

जुनी सुरी. मूठ काळी, गुळगुळीत. पातं मधोमध इतकं झिजलेलं की चंद्रकोर झालेली. आणि टोक मोडलेलं.

"डब्याचं झाकण उघडाया गेलो हिनं," आप्पा म्हणाले. "मोडली. मला अशीच पाहिजे."

"कुणाच्या हाताला?"

"माझ्याच." मग थांबून म्हणाले, "मंडळींची हाय. होती."

हळूहळू सगळं आलं. बायको बरेच महिने अंथरुणाला होती. आप्पांना चहापलीकडं काही येत नव्हतं. ती खाटेवरून सांगायची आणि ते समोर बसून चिरायचे. जाड चिरलं की ओरडायची, बारीक झालं की गप्प बसायची. त्या गप्प बसण्यावरून ते शिकले. आता ती नव्हती, पण भाजी त्याच सुरीनं चिरायची सवय लागलेली. दुसरी कुठली हातात धरवत नव्हती.

नानांनी पातं उलटसुलट बघितलं. "आप्पा, तुमाला कसली पाहिजे? नवी व्हती तवा होती तशी, का आता हाय तशी?"

"आता हाय तशी."

"तशी मला न्हाई करता यायची," नाना सरळ म्हणाले. "एवढं झिजवायला त्यांचा सगळा संसार गेला असंल. मी ग्राइंडरवर घासून देईन, पण ती खोटी दिसंल."

आप्पा टॉवेलाची घडी घालत बसले.

नानांनी जुनी सुरी ठेवून घेतली. मोडलेल्या पात्याला पुढून नवं टोक काढलं, तर सोलायची छोटी सुरी झाली. मूठ तीच ठेवली, तिला हात लावला नाही. आणि शेजारी एक नवी कोरी सुरी ठेवली. आप्पा आले तेव्हा नाना म्हणाले, "ही त्यांची, लसूण-बटाटा सोलाया. आणि ही तुमची. ही झिजवायची तुमची तुम्ही."

पुढच्या वर्षी आप्पा धार लावायला आले. राजकिशोरनं पातं ग्राइंडरला लावायच्या आधी बघितलं आणि नानांना हाक मारली. "नाना, ये तो आगे से घिसा है. बीच में वैसा का वैसा."

नाना आप्पांना म्हणाले, "टोकाकडूनच वापरता. काय चिरता एवढं बारीक बारीक?"

"मेथी," आप्पा म्हणाले. "तिला वासच सहन व्हायचा न्हाई. आमच्या घरात मेथी कधी आली न्हाई. मला लई आवडती. आता सारखी करतो."

नानांनी पात्याच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"तिला सांगून करतो," आप्पा म्हणाले. "न सांगता न्हाई करत."

* * *

माझी आई, अक्का. वस्तीतल्या बायकांबरोबर कांदा काटायला जाते, म्हणजे काढलेल्या कांद्याची पात विळ्यानं कापायची. दिवसभर उकिडवं बसून एकाच हातानं तेच काम. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आता नीट सरळ होत नाही. मूठ वळली की दुखतो. तरी हंगाम आला की निघते. "घरी बसून तरी काय करू? तिथं बोलाया बाया असत्यात."

मी नानांना म्हटलं, अक्काला त्या कामाची एक सुरी करून द्या. विळा लांब पडतो, मनगट वळवावं लागतं. नानांनी तिला बोलावून घेतलं. ती आली ती भांडायच्या तयारीनंच. "माझा विळा काय वाईट हाय? तुम्हीच केलाय."

"विळा चांगला हाय. हात जुना झालाय," नाना म्हणाले. "म्हणून सुरी हाताला करायची."

काकींनी आतून ज्वारीच्या पिठाचा मळलेला गोळा आणला. नाना म्हणाले, "अक्का, हा विळ्याची मूठ समजून धरा. दुखतं तसं न्हाई, बरं वाटंल तसं धरा." अक्कानं गोळा धरला, बोटं आवळली, जरा सैल केली, पुन्हा धरली. हात काढला तर पिठात तिचा हात उमटलेला. अंगठ्याच्या जागी खोल खड्डा, करंगळीच्या जागी जवळजवळ काही नाही. इतक्या वर्षांत मी आईचा हात असा कधी बघितला नव्हता.

राजकिशोर तो गोळा समोर ठेवून लाकडाची मूठ कोरायला बसला. अंगठ्याची बाजू झाली. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला म्हणून तो उठून बाहेर गेला. येऊन बघतो तर गोळा जागेवर नाही.

"अम्मा का हाथ कहाँ गया?"

आम्ही सगळीकडं शोधलं. शेवटी मागच्या दारी गेलो. काकींच्या चुलीपुढं अक्का बसलेली आणि तव्यावर भाकरी टम्म फुगलेली.

मी डोक्याला हात लावला. "अगं, ते मापाचं होतं."

"पीठ वाया घालवायचं व्हय?" अक्का म्हणाली. "हात हाय की माझ्यापाशी. परत आवळून देते."

भाकरी सगळ्यांनी वाटून खाल्ली. उरलेली मूठ राजकिशोरनं अक्काला शेजारी बसवून, तिचा हात हातात घेऊन घेऊन कोरली. ती पूर्ण व्हायला संध्याकाळ झाली. तोवर त्याला मराठी बोलता आणि तिला हिंदी कळत नसताना दोघांनी एकमेकांच्या सगळ्या नातेवाइकांची चौकशी केली. पुढच्या हंगामात तिच्या टोळीतल्या सगळ्या बायका मापाला आल्या. काकींनी पीठ मळून ठेवलंच होतं. दुपारी जेवायला भाकऱ्या कमी पडल्या नाहीत.

* * *

मघाशी म्हणालो, पाणी दिलेल्या पात्याला तव्यावर परत ऊब देतात. ती किती द्यायची, हे रंगावरून ठरतं. घासून चकचकीत केलेलं पातं तापायला लागलं की त्याच्यावर रंग चढत जातात. आधी गव्हाच्या काडाचा पिवळा, मग गुळाचा, मग वांग्याचा, आणि थांबलं नाही तर निळा. निळा आला म्हणजे सुरी मऊ पडली, धार टिकायची नाही. नानांचा नियम वांग्याचा. वांगं दिसलं की उचलायचं.

हा नियम डोळ्यांवर चालतो आणि नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका खेपेच्या सुऱ्या वाकायला लागल्या, दुसऱ्या खेपेच्या धारेचे टवके उडाले. तेव्हा मी विचारलं. नाना ऐरणीवर बसले आणि म्हणाले, "मला समदं धुक्यात दिसतंय रं."

डॉक्टर ऑपरेशनला थोडं थांबा म्हणाले, साखर खाली येऊ द्या. तोवर भट्टी बंद ठेवायची का, हा प्रश्न होता. नाना म्हणाले, "मी ठोकतो. हाताला ठावं हाय. रंग तेवढा कुणीतरी सांगा."

आधी मी उभा राहिलो. नानांनी विचारलं, "कसा हाय?"

"तपकिरी."

"कसला तपकिरी? चहाचा का मातीचा?"

मला सांगता येईना. राजकिशोरला उभं केलं. तो म्हणाला, "नाना, चमक रहा है." त्याच्या पुढं तो जाईना.

गोठ्यातून काकी पदराला हात पुसत आल्या. "व्हा बाजूला. काय बघायचं हाय?"

नानांनी समजावलं. काड, गूळ, वांगं. वांगं आलं की सांग. काकी तव्यावर वाकल्या. भाकरीकडं बघतात तशा बघत राहिल्या आणि बोलायला लागल्या. "काड आलं... गाभुळलेलं काड... आता गूळ. नवा गूळ... जरा जुना... आलं वांगं. काढा." नानांनी सांडशीनं पातं उचललं.

त्या दिवसापासून ऑपरेशन होईपर्यंत काकी रोज म्हशींच्या धारा काढून झाल्या की तव्यापाशी येऊन उभ्या राहायच्या. गंमत म्हणजे त्या सुऱ्यांची तक्रार एक आली नाही. उलट बाजारात बायका मला थांबवून सांगायच्या, यंदाची सुरी लई दिवस धार धरती. मी नानांना सांगितलं तर म्हणाले, "पोलाद बरं लागलंय."

शिरूरला ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून नाना घरी आले. चष्मा निघाला त्या दिवशी अंगणात बसून त्यांनी सगळं नव्यानं बघितलं. म्हशी बघितल्या, लिंब बघितला. मग काकींकडं बघून म्हणाले, "म्हातारी झालीस की गं."

"तुमाला आत्ता दिसलं व्हय," काकी म्हणाल्या आणि पाटी उचलून गोठ्यात गेल्या.

डॉक्टरांनी भट्टीची परवानगी दिल्यावर नाना पहिल्यांदा तव्यापाशी उभे राहिले. काकी आल्या नाहीत. त्यांची आता गरज नव्हती. पण नानांनी हाक मारली. "अगं ये जरा. शेवटचं एकदा सांग. मी बी बघतो."

काकी आल्या. पातं तापायला लागलं.

"काड," काकी म्हणाल्या. "गूळ. जुना गूळ. वांगं. काढा."

नानांनी काढलं नाही. पात्याकडं बघत राहिले. "हे वांगं?"

"मग काय हाय?"

"अगं, ही काकवी हाय. नुसती तांबूस झाक आली हाय. वांगं कसं पार काळंजांभळं असतं."

"ते तुमच्या न्हावऱ्याचं," काकी म्हणाल्या. "आमच्या कवठ्याला परसात यायचं ते असंच. तांबूस. माझी आई त्याचंच भरीत करायची. मला वांगं म्हटलं की तेच दिसतं."

दोघांचं हे बोलणं होईपर्यंत तव्यावरची सुरी निळी पडून वाया गेली. कुणाचं लक्ष नव्हतं.

नाना आत गेले. काकींच्या रंगावर काढलेल्या सुऱ्यांतली एक घेऊन आले. आपल्या, डोळे चांगले असतानाच्या जुन्या खेपेतली एक घेतली. दोन्ही बाभळीच्या लाकडावर घासून घासून बघितल्या, मग दोन्हींनी कागद कापून बघितला. काकींची सुरी कागदातून सरसर गेली, त्यांची स्वतःची अडकली. दोन्ही सुऱ्या खाली ठेवल्या आणि दुसरं पातं तव्यावर टाकलं.

काकी जायला वळल्या.

"कुठं निघालीस?"

"म्हशीला पाणी पाजायचंय. तुमाला आता दिसतंय ना?"

"दिसतंय. थांब जरा." नानांनी सांडशी हातात धरली. "झालं का गं तुझ्या माहेरचं वांगं?"

काकी परत तव्यावर वाकल्या. "न्हाई अजून. गप उभं ऱ्हावा."

नाना गप उभे राहिले. डोळे चांगले उघडे होते, पण ते सुरीकडं बघत नव्हते.